प्लॅस्टिकच्या आतली हालचाल आणि क्षणभर उजळणारा रेणू

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात प्लॅस्टिकविषयी जे बोलले आणि लिहिले जाते ते बहुतेक सारे कचऱ्याविषयी असते, आणि किनाऱ्यावर, ओहोळांत, शेताच्या बांधांवर अडकलेल्या पिशव्या पाहिल्या की ते तसे असणे स्वाभाविकच वाटते. परंतु टाकून दिलेल्या प्लॅस्टिकचे काय होते याची चिंता करताना, वापरात असलेल्या प्लॅस्टिकच्या आत काय चाललेले असते हा प्रश्न आपण विचारतच नाही. मला तो गेल्या पावसाळ्यात शेजारच्या अकरावीतल्या मुलीने विचारला. त्यांच्या घरी एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या दोन खुर्च्या होत्या. एक ओसरीवर असायची आणि दुसरी अंगणात, तुळशीपाशी. अंगणातली खुर्ची एके सकाळी तिचे आजोबा बसताच कडकन मोडली. सुदैवाने त्यांना फारसे लागले नाही. ओसरीवरची खुर्ची अजून धडधाकट आहे. मोडलेल्या पायाचा तुकडा घेऊन ती माझ्याकडे आली. त्याच्या वरच्या बाजूवर बोट फिरवले की पांढरी भुकटी लागत होती, पण मोडलेल्या जागी आतला गाभा मात्र नव्यासारखा तुकतुकीत होता. तिने विचारले, “सर, कालपर्यंत ही खुर्ची तशीच दिसत होती. मग ती आतून बदलली कधी?”

उच्च माध्यमिक विद्यालयात मी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे पुस्तकातले उत्तर माझ्या तोंडावर होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या आखूड साखळ्या एकमेकींना नीट गुंतवून धरू शकत नाहीत, आणि मग वस्तू ठिसूळ होते. हे उत्तर खरे आहे, पण तिच्या प्रश्नातला ‘कधी’ त्यात नाही आणि हे आपल्याला कळते कसे, तेही त्यात नाही. या दोन्ही गोष्टींकडे नेणारी एक अतिशय सुंदर पद्धत विज्ञानाने घडवली आहे. प्लॅस्टिकमध्ये एखादा छोटा रेणू मिसळायचा, त्याला प्रकाशाने क्षणभर उजळायचे आणि तो उजेड किती वेळात विझतो ते मोजायचे, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. मराठीत तिच्याविषयी वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण ते छापावे, अशी विनंती आहे.

प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, रंगातली राळ हे सारे पदार्थ बहुवारिके, म्हणजेच पॉलिमर, आहेत. हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन त्यांचे रेणू बनतात, हा विचार हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडला तेव्हा त्याला मोठा विरोध झाला होता. त्याच कामासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडच्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. ताटात नुकत्याच पाडलेल्या शिरवळ्या आठवाव्यात. गरम असताना त्या एकमेकींवरून सरकतात. निवल्या की गोळा होऊन बसतात आणि एक उचलावी तर दहा वर येतात. बहुवारिकाच्या साखळ्यांचेही असेच असते. एका ठरावीक तापमानाखाली त्यांची सरकण्याची हालचाल जवळजवळ थांबते आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो. या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पॉलिस्टायरीनसाठी ते सुमारे १०० अंश सेल्सिअस असते, पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक सुमारे ७० ते ८० अंशांना मऊ पडू लागते, तर नैसर्गिक रबराचे हे तापमान शून्याखाली सुमारे ७० अंश असते. म्हणूनच रबर आपल्या हातात नेहमी लवचिकच राहते, आणि बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आकसून वेडीवाकडी होते.

‘जवळजवळ थांबते’ असे मी जाणूनबुजून लिहिले. कडक झालेल्या प्लॅस्टिकमध्येही साखळीचे लहानसहान भाग हलत, वळत, थरथरत असतात, आणि साखळ्यांच्या मधल्या बारीक पोकळ्या महिनोन्‌महिने सावकाश आक्रसत जातात. ही हालचाल साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्यासारखी नाही. तिचे अंतर नॅनोमीटरचे, म्हणजे मिलीमीटरच्या दहा लाखाव्या भागाचे, आणि तिच्यातल्या वेगवान भागाचा वेळ नॅनोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीइतके अंतर कापतो. एवढ्या लहान जगातली बातमी आणायची तर तिथे वावरू शकेल असा, तितकाच लहान दूत पाठवायला हवा.

हा दूत म्हणजे प्रतिदीप्ती दाखवणारा रेणू. फ्ल्युओरेसन्सला मराठीत वेगवेगळे पर्याय सुचवलेले आढळतात. मी प्रतिदीप्ती हा वापरतो. काही रेणू अतिनील किंवा निळा प्रकाश शोषून घेतात, त्यातली थोडी ऊर्जा आसपास गमावतात आणि उरलेली वेगळ्या रंगाच्या प्रकाशाच्या रूपाने परत देतात. कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या द्रावणाच्या पृष्ठभागावर उमटणारी निळी झाक जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवली, आणि जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये तिचा उलगडा करताना फ्लुओरस्पार या खनिजावरून त्या आविष्काराला फ्ल्युओरेसन्स हे नाव दिले. एकेकाळी हिवतापाने ग्रासलेल्या आपल्या प्रदेशात कोयनेल हे घरोघरी माहीत असलेले कडू औषध होते. आज ते टॉनिक वॉटरच्या बाटलीत भेटते, आणि गोव्यात ती बाटली शोधायला लांब जावे लागत नाही.

रेणू प्रकाश शोषतो आणि परत देतो, या दोन घटनांच्या मध्ये थोडा वेळ जातो. सौम्य गंधकाम्लातील क्विनीनसाठी तो सरासरी सुमारे १९ नॅनोसेकंद असतो, फ्ल्युओरेसीन या रंगद्रव्यासाठी सुमारे ४, तर पायरीन या रेणूसाठी, ऑक्सिजन काढून टाकलेल्या द्रावणात, काही शे नॅनोसेकंद. याला त्या रेणूचा आयुष्यकाल म्हणतात. देवळातली घंटा डोळ्यांपुढे, नव्हे, कानांपुढे आणावी. ती जोराने वाजवली की नाद मोठा, हळू वाजवली की लहान. पण नाद विरत जाण्याची गती दोन्ही वेळा तीच असते, कारण ती त्या घंटेची स्वतःची असते. घंटेला कोणी हात लावला तर मात्र नाद तत्काळ दबतो. प्रतिदीप्त रेणूचेही तसेच आहे. त्याला किती प्रकाश दिला यावर त्याचा आयुष्यकाल अवलंबून नसतो. त्याला आजूबाजूने कोण कसा स्पर्श करते, यावर असतो. फरक इतकाच, की घंटा हळूहळू विरते, तर एकटा रेणू कधी विझेल हे सांगता येत नाही. लाखो रेणूंची सरासरी काढली की मगच विरत जाणारी ती गुळगुळीत रेषा मिळते.

हा ‘स्पर्श’ घरीच पाहता येतो. त्या मुलीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना मी तो आमच्या स्वयंपाकघरात दाखवला. खिडक्या लावून घेतल्या, दोन काचेच्या पेल्यांत टॉनिक वॉटर ओतले आणि दुकानात नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा बाजूने धरला. त्या दिव्याकडे थेट बघू नये, हे आधी बजावले. दोन्ही पेले आभाळी निळ्या उजेडाने भरून गेले. मग एका पेल्यात आगरवाड्याच्या मिठागरातले खडे मीठ चमचाभर टाकून ढवळले. मीठ विरघळत गेले तसतसा त्या पेल्यातला निळा उजेड मंदावत गेला, आणि दुसरा पेला होता तसाच उजळलेला राहिला. मिठातले क्लोराइड आयन उत्तेजित क्विनीनवर येऊन आदळतात आणि प्रकाश द्यायच्या आधीच त्याची ऊर्जा काढून घेतात; याला शमन म्हणतात. ऊर्जा अशी हिरावली गेल्याने उरलेल्या प्रकाशाचा आयुष्यकालही आखूड होतो. शमन किती झाले आणि शमन करणाऱ्या द्रव्याचे प्रमाण किती होते, यांचे साधे गणिती नाते ऑटो श्टेर्न आणि माक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये मांडले, आणि ते आजही वापरले जाते.

आता पेल्यातल्या पाण्याच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, क्विनीनच्या जागी पायरीन आणि मिठाच्या जागी हवेतला ऑक्सिजन ठेवावा. पापुद्र्यातून ऑक्सिजन आत झिरपत गेला की पायरीनचा आयुष्यकाल आखूड होत जातो, आणि तो किती वेगाने आखूड होतो यावरून ऑक्सिजन त्या प्लॅस्टिकमधून किती सहज वाट काढतो हे मोजता येते. आपले काजूगर ज्या पाकिटात भरले जातात, त्या पाकिटाचा खरा कस नेमका हाच आहे. काजूगर खवट होतो तो त्यातल्या तेलाशी ऑक्सिजनचा संयोग झाल्याने, आणि तो ऑक्सिजन न फाटलेल्या पाकिटातूनही साखळ्यांमधल्या पोकळ्यांतून वाट काढत आत येत असतो.

येथे वाचकांच्या मनात शंका येईल की, उजेड मंदावलेला डोळ्यांना दिसतोच, तर मग वेळ मोजण्याचा एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथेच आहे. उजेडाची तीव्रता अनेक कारणांनी बदलते. रेणू कमी मिसळले गेले, दिवा मंद झाला, पापुद्रा एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ निघाला, नमुना गढूळ असला, तरी उजेड कमी दिसतो, आणि यातले कोणते कारण खरे हे नुसत्या उजेडावरून ठरवता येत नाही. रेणू पुरेसे विरळ असतील तर आयुष्यकालाला यातल्या कशाचेच सोयरसुतक नसते. बहुवारिकांचे नमुने तर स्वभावतःच गढूळ, असमान आणि दर वेळी थोडे वेगळे असतात. अशा पदार्थाविषयी भरवशाने काही म्हणायचे असेल तर विझण्याचा वेळ हाच प्रामाणिक साक्षीदार ठरतो.

एवढा लहान वेळ मोजतात तरी कसा, हेही सांगण्यासारखे आहे. लेझरचा अतिशय अल्पकाळ टिकणारा ठोका नमुन्यावर सोडतात आणि त्याच क्षणी इलेक्ट्रॉनिक घड्याळ सुरू करतात. नमुन्याकडून प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, शोधकावर पोहोचला की घड्याळ थांबते आणि तो वेळ नोंदला जातो. असे सेकंदाला लाखो ठोके देऊन, मिळालेले वेळ त्यांच्या-त्यांच्या खान्यात टाकत गेले की विझण्याचा आलेख आपोआप उभा राहतो. यातली एक खबरदारी मला फार आवडते. उजेड मुद्दाम इतका मंद ठेवतात की शंभर ठोक्यांतून जेमतेम एक-दोन वेळाच फोटॉन मिळावा. आपल्या देवळांच्या उत्सवात नाटक संपल्यावर एकच माणूस दारावर बसून, प्रत्येक प्रयोगानंतर फक्त पहिला बाहेर पडणारा किती वाजता निघाला ते लिहून ठेवू लागला, तर त्याच्या वहीत नेहमी घाईने उठणारेच दिसतील आणि शेवटपर्यंत रेंगाळणारे कधीच दिसणार नाहीत. घड्याळही फक्त पहिल्याच फोटॉनला थांबते. म्हणून एका ठोक्याला दोन फोटॉन येण्याची शक्यताच उरू नये, इतका मंद उजेड ठेवायचा आणि मोजणी पुरी होईपर्यंत थांबायचे, हा या तंत्राचा नियम आहे.

ओघात एक आठवण नोंदवावीशी वाटते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो १९२८ मधल्या रामन परिणामाच्या, म्हणजे पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशात रंग बदललेला क्षीण प्रकाशही असतो या, शोधासाठी; पण त्याआधी १९२३ मध्ये रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना कोलकात्यात द्रवांमधून येणारा तो क्षीण प्रकाश दिसला होता, आणि तो अशुद्धीमुळे येणारी ‘मंद प्रतिदीप्ती’ असावी असे तेव्हा मानले गेले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही प्रकाश गेला नाही आणि तो ध्रुवित, म्हणजे एका ठरावीक दिशेत कंप पावणारा, असल्याचे आढळले, तेव्हा हे काही वेगळेच आहे हे ध्यानात येत गेले. विकिरण, म्हणजे प्रकाशाचे असे विखुरणे, तत्क्षणी होते, प्रतिदीप्ती मात्र काही नॅनोसेकंद रेंगाळते. म्हणजे नॅनोसेकंद मोजणारे घड्याळ त्या प्रयोगशाळेत असते तर त्या दोहोंतला भेद घड्याळानेच दाखवला असता. घड्याळ नव्हते, म्हणून त्यांनी तो अपार चिकाटीने आणि प्रकाशाच्या साध्या गाळण्यांनी, म्हणजे फिल्टरांनी, शोधून काढला. या शास्त्राशी आपला संबंध इतका जुना आहे.

आता बहुवारिकांकडे परत येतो. लहानपणी तोंड आले की लावत ते जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या रेणूला पंख्याच्या पात्यांसारखी तीन वलये असतात. पाण्यात ही वलये सहज फिरतात आणि शोषलेली ऊर्जा त्या फिरण्यातच खर्ची पडते, म्हणून पाण्यातला हा रंग प्रतिदीप्ती जवळजवळ दाखवतच नाही. तोच ग्लिसरीनसारख्या घट्ट द्रवात विरघळवला की वलयांना फिरायला अडथळा होतो आणि रेणू उजळतो. द्रव जितका घट्ट, तितका रेणूचा उजेड अधिक आणि आयुष्यकाल लांब, हे नाते थिओडोर फ्योर्स्टर आणि होफमान यांनी १९७१ मध्ये गणिताने बांधले. अशा रेणूंना रेण्वीय फिरकी म्हणता येईल. आपल्याकडे मच्छीमारांच्या होड्या हल्ली फायबरच्या असतात. काचेच्या धाग्यांवर पातळ राळ ओतून ती घट्ट होऊ दिली जाते, आणि ती पुरती पिकली की नाही हे कारागीर नखाने दाबून, वासाने, अनुभवाने ओळखतो. राळेत फिरकी रेणू नावापुरता मिसळला तर राळ घट्ट होत जाईल तसतसा त्याचा आयुष्यकाल वाढत जातो, आणि वाढ थांबली की पुढे पिकणे जवळजवळ थांबले, हे आकड्यात कळते. कारागिराचे बोट काही या पद्धतीने निवृत्त होणार नाही. पण वरून कडक झालेली राळ आतून कच्ची राहिली असेल तर ते बोटाला कळत नाही, फिरकीला कळते.

दुसरा प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. बहुवारिकाच्या एकाच साखळीच्या दोन्ही टोकांना पायरीनचा एकेक रेणू जोडतात. पायरीन एकटे असले की जांभळट प्रकाश देते. पण उत्तेजित पायरीनला दुसरे पायरीन येऊन भिडले तर त्या जोडीकडून निळसर हिरवा प्रकाश मिळतो. या जोडीला एक्सायमर म्हणतात, आणि पायरीनचा हा गुण फ्योर्स्टर व कास्पर यांनी १९५४ मध्ये उजेडात आणला. साखळी द्रावणात वळवळत असताना तिची दोन टोके अधूनमधून एकमेकांना भेटतात. भेट लवकर झाली की जांभळा प्रकाश लवकर विझतो आणि त्याच्या जागी हिरवा उगवतो. टोरांटो विद्यापीठाचे मिचेल विनिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास पॉलिस्टायरीनच्या साखळीची टोके किती वेळाने भेटतात, हे या रीतीने मोजले. साखळी लांब केली की भेटी विरळ होतात, द्रावक बदलला की साखळी पसरते किंवा आखडते आणि भेटींचा वेग बदलतो. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या एका धाग्याची दोन टोके सेकंदात किती वेळा भेटतात, हे माणूस दोन रंगांच्या उजेडावरून सांगू शकतो, याचे मला इतकी वर्षे हा विषय शिकवूनही नवल वाटते.

याच विनिक यांच्या गटाने पाण्यात कालवलेल्या भिंतीच्या रंगावर केलेले काम आपल्या रोजच्या जगण्याला अधिक जवळचे आहे. चतुर्थीच्या आधी घराला रंग काढण्याची आपली रीत आहे, आणि श्रावणातल्या एखाद्या सरीने कालच लावलेला रंग भिंतीवरून ओघळलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशा रंगात बहुवारिकाचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटतात. पण नुसते चिकटणे पुरेसे नसते. एका गोळ्यातल्या साखळ्या शेजारच्या गोळ्यात शिरून गुंतल्या तरच पापुद्रा मजबूत होतो आणि पाण्याला दाद देत नाही. वरून वाळलेला दिसणारा रंग आतून असा गुंतला आहे की नाही, हे कसे ओळखायचे? अर्ध्या गोळ्यांच्या साखळ्यांना फिनँथ्रीन नावाचा प्रतिदीप्त रेणू जोडतात आणि उरलेल्या अर्ध्यांना अँथ्रॅसीन नावाचा. दोन्ही रेणू दोन-तीन नॅनोमीटरच्या आत आले की फिनँथ्रीन आपली ऊर्जा प्रकाश न देताच अँथ्रॅसीनला देऊन टाकते आणि त्याचा आयुष्यकाल आखूड होतो. ऊर्जेच्या या हस्तांतराचा सिद्धांत फ्योर्स्टर यांनीच १९४८ मध्ये मांडला होता. अंतर दुप्पट झाले की हस्तांतराचा वेग चौसष्टपट कमी होतो, इतकी ही मोजपट्टी काटेकोर आहे. सुरुवातीला दोन्ही जातींचे गोळे शेजारी असूनही वेगळे असतात आणि फिनँथ्रीन आपले सुमारे ४५ नॅनोसेकंदांचे आयुष्य जवळजवळ पुरे जगते. पापुद्र्याला थोडी ऊब दिली की साखळ्या सरमिसळ होऊ लागतात आणि तो काळ तासातासाने आखूड होत जातो. रंग लावल्यावर दोन कोरडे दिवस मिळायला हवेत असे रंगारी सांगतो, त्यामागचे कारण हे आहे.

आतापर्यंत मी विझण्याचा आलेख एका साध्या रेषेसारखा असल्याप्रमाणे लिहिले, पण बहुवारिकांत तो क्वचितच तसा मिळतो. पाण्यात प्रत्येक रेणूभोवतीची परिस्थिती सारखीच असते. प्लॅस्टिकमध्ये एक रेणू सैल पोकळीत पडतो, दुसरा साखळ्यांच्या गाठीत आवळला जातो, आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे होते. त्यामुळे आलेख आधी झपाट्याने उतरतो आणि मग लांबत राहतो. असा लांबट उतार रुडोल्फ कोलराउश यांनी १८५४ मध्ये अगदी वेगळ्या ठिकाणी, विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीत, पाहिला आणि सूत्रात मांडला होता. विल्यम्स आणि वॉट्स यांनी १९७० मध्ये तेच सूत्र बहुवारिकांना लावले, आणि तेव्हापासून ते या क्षेत्रात रोजच्या वापरात आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माझे लिहिणे एकांगी ठरेल. आत पाठवलेला रेणू फक्त स्वतःच्या आसपासची बातमी आणतो. तो साखळीच्या एका घटकापेक्षा बराच मोठा असेल तर लहान पोकळ्यांत तो मावत नाही, आणि जिथे तो जातच नाही तिथली हालचाल त्याला कळत नाही. तो प्रमाणाबाहेर मिसळला तर रेणू आपसांतच भिडतात आणि प्लॅस्टिकऐवजी एकमेकांची वार्ता देऊ लागतात. शिवाय तोही उन्हात फिका पडतो. म्हणून एकाच पदार्थात वेगवेगळ्या आकारांचे रेणू आलटून पालटून पाठवावे लागतात आणि त्यांच्या साक्षी ताडून पाहाव्या लागतात.

आता त्या खुर्चीकडे वळतो. अंगणातल्या खुर्चीच्या पृष्ठभागावर ऊन आणि ऑक्सिजन पहिल्या वर्षापासूनच काम करत होते. साखळ्या तुटत होत्या, तुटलेल्या टोकांना ऑक्सिजन जोडला जात होता, आणि पृष्ठभागाचा रासायनिक स्वभाव तेलकटाकडून पाण्याशी सलगी करणाऱ्या बाजूला सरकत होता. अशा बदलाला संवेदनशील असलेले रेणू तेथे लावले तर त्यांचा रंग आणि आयुष्यकाल दोन्ही बदलतात, आणि डोळ्यांना भुकटी दिसण्याच्या कितीतरी आधी बदलतात. म्हणजे त्या मुलीच्या ‘कधी’ला उत्तर आहे. एखाद्या विशिष्ट दिवशी खुर्ची बदलली नाही. ती दररोज थोडी थोडी बदलत होती, आणि तो बदल मोजता आला असता. हाच विचार पुढे नेला तर किनाऱ्यावरच्या वाळूतले प्लॅस्टिकचे बारीक कणही या पद्धतीच्या कक्षेत येतात. नाइल रेड नावाचे रंगद्रव्य प्लॅस्टिकच्या कणांना चिकटून उजळते, म्हणून ते कण मोजण्यासाठी जगभर वापरले जाते; पण ते जैविक चरबीलाही चिकटते आणि मोजणी चुकते. वेगवेगळ्या पदार्थांमध्ये प्रतिदीप्तीचा आयुष्यकाल वेगळा पडतो, त्यामुळे नुसत्या उजेडाऐवजी वेळ मोजून हे कण वेगळे ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. ज्या राज्याला एवढा किनारा आहे, जिथे दोना पावला येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर १९८५ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि फर्मागुडीला आयआयटी आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटू नये.

तो परका वाटतो, याचा अनुभव मला आहे. नोकरीत असताना एका नामांकित संस्थेकडे मी बारावीच्या वीस मुलांना प्रतिदीप्ती मोजण्याचे उपकरण नुसते दाखवण्याची विनंती केली होती. उपकरण महागडे आहे आणि शाळकरी मुलांना त्यातले काही कळणार नाही, असे उत्तर मिळाले. उपकरण महागडे होते हे मला मान्य आहे. मुलांना कळणार नाही हे मला तेव्हाही मान्य नव्हते. स्वयंपाकघरात मीठ टाकलेल्या पेल्यातला निळा उजेड मावळताना पाहून त्या चार मुलींपैकी एकीने लगेच विचारले होते, “सर, मिठाऐवजी साखर टाकली तर?” आम्ही साखर टाकून पाहिली. उजेड होता तसाच राहिला. मग त्यांनी स्वतःच ठरवले की नुसते काहीतरी विरघळल्याने उजेड जात नाही, मिठातच काहीतरी आहे. शमनाची कल्पना समजायला याहून अधिक काय लागते?

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. आपल्या राज्यातील ज्या संस्थांकडे अशी उपकरणे आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस, विज्ञान दिनी म्हणा, अकरावी-बारावीच्या मुलांना ती चालू अवस्थेत दाखवावीत, आणि दाखवताना मराठीत किंवा कोकणीत बोलावे. आलेख थेंबाथेंबाने भरत जाताना पाहणे हा मुलांसाठी विसरता न येणारा अनुभव असेल. आणि आपल्या दैनिकाने प्लॅस्टिकच्या कचऱ्याविषयीच्या बातम्यांना जेवढी जागा दिली आहे, तिच्यातला थोडा भाग प्लॅस्टिक म्हणजे काय आणि ते जुने कसे होते, हे सांगणाऱ्या लेखांना द्यावा.

तोपर्यंत जे माझ्या हातात आहे ते मी करीन. फोंडा, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील कोणत्याही शाळेने आपल्या कार्यालयामार्फत कळवले तर जांभळा दिवा, टॉनिक वॉटर, मीठ, साखर आणि त्या मोडक्या खुर्चीचा पाय घेऊन मी स्वखर्चाने येईन. शाळेने फक्त एक अंधारी करता येईल अशी खोली आणि पाण्याचे पेले द्यावेत.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
फोंडा, गोवा